उजव्या कुशीतलं दुखणं

तारापूरला विजेचा प्रकल्प उभा राहत होता. माझे यजमान तिथे फिटर होते आणि आम्ही बोईसरजवळ सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचो. साताऱ्याहून सासूबाईही येऊन राहिल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा का हलत नाही, ते त्यांना जवळून बघायचं होतं.

एका सकाळी विहिरीवरून हंडा आणताना पोटात उजवीकडे अशी कळ आली की मी अंगणातच बसले. मग मळमळायला लागलं. मळमळ म्हटल्याबरोबर सासूबाईंचा चेहरा फुलला. "उजवी कूस धरलीया! पोरगाच हाय बघ!"

झालं! माझं पोट म्हणजे गावची चावडी झाली. शेजारीण म्हणाली, हंडा उचलताना लचक भरली. यजमान म्हणाले, मुतखडा असेल. शिरगावहून मासळी विकायला येणारी मावशी पाटी उतरवून म्हणाली, "पोट साफ नाय तुजा, बाय. एरंडेल घे, बरा वाटल." अगं बायांनो, दुखतंय मला, मला कुणी विचाराल की नाही? दवाखान्याचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "डागदर सुया टोचतील, पोराला बाधंल." शेजारणीनं आणलेलं एरंडेल तर त्यांनी हिसकावून मोरीत ओतलं. वर मला चिंचा आणून दिल्या. चिंचा! घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं माझ्या.

दुसऱ्या दिवशी अंग तापानं फणफणलं. मी यजमानांवर ओरडले, "आता नेलं नाहीत, तर मेलेलीच न्याल!" आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. तेव्हा कुठे ते ट्रक बघायला धावले.

पालघरला डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. अपेंडिक्स सुजलं होतं. नंतर एरंडेलाची हकिगत ऐकून ते म्हणाले, "एरंडेल पाजलं असतं तर आतच फुटलं असतं. थोडक्यात वाचलात."

म्हणजे मला वाचवलं कुणी, तर त्या नसलेल्या पोरानं! संताप नुसता. शुद्धीवर आल्यापासून सासूबाईंना काय काय सुनवायचं ते मी मनात घोळवत होते.

त्या खाटेजवळ आल्या. पदराचं टोक मुठीत धरून हळूच म्हणाल्या, "म्हंजी, दिवस नव्हतंच गेलं?"

"नव्हते, आत्याबाई," मी म्हटलं, आणि त्यांच्याआधी मलाच रडू फुटलं. सगळ्या जगावर चिडताना मीही मनात तो पोरगा धरून बसले होते.