पिल्लाची मावशी

चाळिशी उलटली तरी आमच्या स्टुडिओत तिला सगळे 'पिल्लू'च म्हणतात. मुलांच्या कार्टूनमधल्या अस्वलाच्या पिल्लाला तिचा आवाज. ते पिल्लू मावशीकडे वाढतं, आणि 'मावशीऽ, भूक!' ही त्याची हाक घराघरांत पोरांच्या तोंडी बसलीय. ती हाक आमच्या पिल्लूने आपल्या भाचीकडून उचललेली. बहीण गेली तेव्हा भाची पाळण्यात होती, तेव्हापासून हिनेच वाढवली. लग्नाचा विषय काढला की म्हणते, "मेलं, सवड कुणाला आहे!"

त्या दिवशी चॅनलच्या मॅडम आल्या. टेकतात न टेकतात तोच म्हणाल्या, "पालकांच्या तक्रारी आहेत. मुलांसमोर पूर्ण कुटुंब दिसायला हवं. 'मावशी' काढा, 'आई' टाका. सगळ्या भागांत."

माझं डोकंच फिरलं. मी नुसता रेकॉर्डिंगवाला, पण तोंड आवरेना. "मावशी असली की घर अर्धं होतं काय हो?"

"आज जमत नसेल तर उद्या दुसरा आवाज बघू," त्या थंडपणे म्हणाल्या.

पिल्लूची चूल याच आवाजावर पेटते. ती मुकाट्याने काचेपलीकडे जाऊन माईकसमोर उभी राहिली. शाळेला सुट्टी म्हणून भाची माझ्याशेजारीच बसली होती.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पहिल्यांदा तोंडातून 'मावशी'च निघालं. दुसऱ्यांदा 'आ'वरच अडली. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

पोरीला राहवेना. आतल्या माणसाशी बोलायचं माझं बटण तिने खुशाल दाबलं. "मावशी, म्हण ना! सोप्पंय. मी शाळेत तुला आईच म्हणते."

काचेपलीकडे तिने संवादाचा कागद खाली ठेवला. मग हळूच, "का गं?"

"मावशी म्हटलं की सगळे विचारतात, खरी आई कुठंय. सारखं सारखं कोण सांगणार?"

हेडफोन काढून पिल्लू बाहेर आली. मला वाटलं, आता रडते. रडली नाही. "मॅडम, दुसरा आवाज बघा."

"अगं, खाणार काय?" मीच ओरडलो.

"बघू," म्हणत तिने भाचीचा हात धरला. दारात पोरगी अडून उभी राहिली. "मावशी, माझ्यामुळे काम गेलं?"

"छे गं."

"मग सोमवारी शाळेत काय सांगू?"

"मावशीकडे राहते म्हणून सांग. मोठ्याने सांग."