शारजातली मराठी मंडळी

लतिका रणभिसे नगर जिल्ह्यातल्या ज्या खेड्यात वाढली, तिथल्या चर्चचा कारभार गावातली ख्रिस्ती माणसंच चालवत. जुन्या मिशनऱ्यांनी घालून दिलेली रीत होती ती. वर कुणी बिशप नाही. मंडळी, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांची सभा, बसेल, बोलेल, ठरवेल. पाळक, म्हणजे धर्मगुरू, अधूनमधून येई. एरवी लतिकाचे वडील उपासना घेत.

१९९५ साली ती नवऱ्यापाठोपाठ, उपेंद्रपाठोपाठ, शारजाला आली आणि शेजारच्या दुबईतल्या अल कुसैस भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ती चर्चमध्ये इंग्रजी उपासनेला जाई. शेजारच्या कावेरीबाई, मुलाकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या, तिथे नुसत्या बसून असत. एकदा म्हणाल्या, "लतिका, इंग्रजीत माझी प्रार्थना घशातच अडकते गं."

पुढच्या शुक्रवारी लतिकाच्या हॉलमध्ये सात-आठ जण मराठीत गायले. काही आठवडे चाललं. मग इमारतीचा वॉचमन दारात आला. "मॅडम, फ्लॅट में ये सब नहीं चलेगा. ओनर बोला, खलास."

लतिकाने इंग्रजी उपासना होई त्या चर्चचं आवार गाठलं. तिथे मल्याळी, तमिळ, उर्दू मंडळ्या खोल्या वाटून वापरत. व्यवस्थापक समजुतीनं म्हणाले, "आप लोग थोडे हो. हिंदी सर्व्हिस में आ जाओ."

"थोडे हैं, तो छोटा कमरा दीजिए."

अख्खा उन्हाळा ती दर शुक्रवारी विचारत राहिली. शेवटी स्वयंपाकघरामागची खोली मिळाली, भर दुपारची.

पहिल्याच दिवशी प्रल्हाद नावाचे इंजिनियर कुरकुरले, "पाळकाशिवाय उपासना? आणि प्रवचन बाई करणार?"

"मग तुम्ही करा," लतिका म्हणाली. "मी ऐकेन."

प्रल्हादांची तयारी नव्हती. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या खेपेला तयारी करून आले.

२००१ पर्यंत खोली अपुरी पडू लागली. तेव्हा एका मोठ्या चर्चने पगारी पाळक आणि मोठा हॉल देऊ केला. अट एकच, निर्णय त्यांची कमिटी घेईल.

"घे की," उपेंद्र म्हणाला. "किती वर्षं एकटी ओढणारेस?"

"घ्यायचं की नाही ते मंडळी ठरवेल."

मतदानाला प्रल्हादांनी सुचवलं, घरटी एक मत. लतिका उठली. "आणि लोकांच्या घरी कामाला असलेल्या आपल्या बायका? त्यांचं घर इथे कुठाय? बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला मत. त्याशिवाय मी मतदान होऊ देणार नाही."

बराच वाद झाला, पण ती हटली नाही. हात वर झाले. मोठ्या चर्चला नकार गेला. लतिकाचा चेहरा उजळला.

तेवढ्यात कावेरीबाई म्हणाल्या, "मग पुढारीही दरवर्षी मंडळीनेच निवडायला हवा. लतिका, तुलासुद्धा हे लागू."

लतिकाला ते लागलं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? "बरोबर आहे," ती म्हणाली. "घ्या मतं."

मंडळीने प्रल्हादांना निवडलं.

घरी येऊन ती रडली. उपेंद्र म्हणाला, "आता इंग्रजी उपासनेला जाऊ या."

"का? मंडळी मोडली नाहीये," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्याशिवाय ठरवायला शिकलीय."

पुढच्या शुक्रवारी तिने लवकर जाऊन सतरंज्या घातल्या आणि उपासनेत कुठली गाणी गायची ते सांगितलं. प्रल्हादांचं प्रवचन लांबतच गेलं. संपल्यावर ती सरळ त्यांच्यापाशी गेली.

"चांगलं होतं," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी निम्मं करा. बायकांना कामावर परतायचं असतं."