कुंबी सालेहची वाळू

ओमानमधल्या इब्रीच्या बाजारात मजीदचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याच्या बायकोचा, कुलसुमचा, जीव कायम टांगणीला लागलेला. एकुलता एक मुलगा नुमान पश्चिम आफ्रिकेत, मॉरिटानियात गेला होता. जुन्या घाना राज्याची राजधानी शोधणाऱ्या तुकडीत तो मोजणीदार होता. कुंबी सालेह इथे त्या राजधानीतलं व्यापाऱ्यांचं दगडी गाव सापडलं होतं. राजाचं गाव मात्र वाळूने गिळलं ते गिळलंच.

"सरहद्दीवर गोळीबार चालतो म्हणे," कुलसुम रोज म्हणायची.

"तुझ्या डोक्यात चालतो तेवढा नसेल," मजीद म्हणायचा.

शुक्रवारी नुमानचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता.

"अम्मा, वाळूत खड्ड्यांची रांग दिसलीये! भोवती मातीचे उंचवटे, अगदी आपल्या फलजसारखे. खाली पाणी असणार. रांग धरून गेलो की राजाचं गाव!"

डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणणारा पाट म्हणजे फलज. त्याच्यावर ओळीने खणलेल्या तोंडांशी खेळतच इब्रीची पोरं वाढतात. मिसरूड फुटण्याआधी नुमान दोर बांधून आत उतरला होता आणि कुलसुमच्या हातचा मारही खाल्ला होता.

"उतरू नकोस हां."

"उतरलो तर मारायला इतक्या लांब येणार?"

"तिकीट काढून येईन!"

तो हसला, यल्ला, चल आता, म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी फोन आला तो उजैरचा, नुमानच्याच तंबूत राहणाऱ्या रायगडच्या मुलाचा. "खाला," एवढंच म्हणाला, मावशीला मारावी तशी हाक. मजीदने फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. इब्रीत फलजची तोंडं दगडाने बांधून काढलेली असतात. तिथे बांधकामच नव्हतं. दुष्काळात गुराख्यांनी पाण्यासाठी खणून सोडलेले खड्डे होते ते. नुमान उतरला आणि वाळूची भिंत आत आली.

"दोर आम्हीच धरला होता, खाला. ओढतच राहिलो."

वर काढला तेव्हा श्वास उरला नव्हता. ऊन कडक, शहर लांब. माती तिथेच द्यावी लागणार होती. घरच्यांचा होकार हवा होता. 

"द्या," कुलसुम म्हणाली. मग तिने फोन हातात घेतला. "उजैर, कबरीवर दगड मोठा लाव, बेटा. लांबून दिसेल असा. तिथे अख्खं राजाचं गाव सापडत नाही रे."