मास्तरांचं माप

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. इंदापूरच्या शाळेत सारी हयात नागरिकशास्त्र शिकवले. त्यात स्वतःचे असे एक वाक्यही नव्हते. साठी उलटल्यावर हातात लेखणी धरण्याच्या या धार्ष्ट्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आमच्या भावकीत दारूचे वय कायद्याने नव्हे, लग्नाने ठरे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बकरे पडे आणि बाप्ये गोठ्यामागे घोंगड्यांवर बसत. बिनलग्नाच्यांनी फक्त पाणी द्यायचे. नव्वद सालानंतरच्या एका यात्रेत माझ्या धाकट्या भावाची त्या घोंगडीवर बसण्याची पाळी आली. बारामतीच्या एका कारखान्यात तो नुकताच लागला होता. वय एकवीस, लग्नाला दोन महिने झालेले.

"आबा, परवान्याला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात," मी वडिलांना हळूच म्हणालो.

"आन् लग्नाला?"

"एकवीस."

"मग सरकारला म्हणावं, बायको सांभाळाया शाना हाय, आन् घोटभर प्यायला न्हाय व्हय?"

सगळे हसले. चुलते म्हणाले, "मास्तर, वर्गात शिकवा ते. हितं बसा."

मी स्वतः पीत नव्हतो. 'नको' एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. पण मोठ्यांसमोर माझा आवाज फुटत नसे, म्हणून मी शिकल्यासवरल्या माणसाला सुचणारा मधला मार्ग काढला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे रेघांचे प्लास्टिकचे टोपण घरातून आणले आणि म्हणालो, "दोन टोपणं. तीही घरात, मोठ्यांसमोर."

सर्वांना ते फार पसंत पडले. भावाने टोपण दोन्ही हातांनी घेतले, तीर्थ घ्यावे तसे.

त्याच हिवाळ्यात बारामतीला शिक्षकांची वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, मद्यपानाची वयोमर्यादा कमी करावी की नाही. मी कमी करण्याच्या बाजूने बोललो. चोरून पिणारा वाहवतो, मापाने पिणारा सावरतो, असे मी म्हणालो. आयुष्यातली पहिली ढाल मला मिळाली. भाऊ कारखान्यातून परस्पर आला होता; टाळ्या वाजवताना त्याचे डोळे पाणावले होते. परतीच्या एस.टी.त काटेवाडी मागे पडेपर्यंत ती ढाल त्याच्याच मांडीवर होती.

तीन वर्षांनी त्याची बायको शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. माझ्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशी पदर खांद्यावर होता आणि तिला त्याचे भान नव्हते.

"दादा, कामावरनं काढलं त्यान्ला. तुमी सांगितलं तर ऐकतील."

मी गेलो. तो ओसरीवर बसला होता. समोर बाटली, शेजारी तेच टोपण.

"ये दादा. मापानंच घेतोय बघ."

"कितवं टोपण हे?"

"ते तू भाषणात कुठं सांगितलं होतंस?" तो हसला. "घरात पितोय. आबांसमोर पितोय. परवा पंचविशीबी भरली. आता कायद्यातबी बसतो अन् तुझ्या ढालीतबी. बोल की मास्तर."

त्याच्याविरुद्ध उभे करावे असे एकही वाक्य माझ्यापाशी उरले नव्हते. पुढची जवळजवळ तीन वर्षे तो पीत राहिला आणि मी सौम्य शब्द शोधत राहिलो. शेवटी पोटात पाणी झाले. अठ्ठाविसावे संपायच्या आत तो गेला. आम्ही अस्थी नरसिंहपूरच्या संगमावर सोडल्या. मी ढाल माळ्यावर टाकली. टोपणाची आठवण मला राहिली नाही.

ती भावकीला राहिली. वर्ष सरल्यावरच्या यात्रेत पुन्हा घोंगड्या पडल्या. वडील खाली मान घालून बसले होते. चुलत्यांचा मुलगा त्या उन्हाळ्यात बोहल्यावर चढला होता. चुलत्यांनी हाक मारली, "मास्तरांचं माप आणा रं!" आणि कोणीतरी ते टोपण आणून दिले, स्वच्छ धुतलेले. इतक्या वर्षांत ती आमची रीत झाली होती, हे मला तेव्हा कळले.

"पहिलं तुमच्या हातनं, दादा," नवरदेव म्हणाला.

चुलीपाशी भाकरी थापणारे हात थांबले. भावाची विधवा माझ्याकडे पाहत होती. सारी माणसे माझ्याकडे पाहत होती.

मी ते भरले. रेघेपर्यंत, काटेकोर.

तुम्ही त्या घोंगडीवर असता, तर तुम्हाला 'नको' म्हणता आले असते का?