रतनचा पवित्रा

वरकुट्याच्या रतननं काठी शिकायला घेतली तेव्हा तिला दोन लेकरं होती आणि वय तिशीला आलं होतं. गावातल्या बायकांना कळलं असतं, तर त्या हसल्या असत्या. काठी फिरवायची ती तालमीतल्या गड्यांनी. संसाराच्या बाईला हे काय सुचलं?

कारण हसण्याजोगं नव्हतं. रतनचा नवरा सोपान कालव्याच्या पाण्यावर वांगी, गवार, भेंडी लावायचा. माल डोक्यावर घेऊन निमगावच्या आठवडे बाजारला जायचं काम रतनचं. वाट पाटाच्या कडेनं होती, आणि पाटावर महिपती असायचा. तो पाटकरी. कुणाच्या रानात पाणी कवा सोडायचं, कवा बंद करायचं, हे त्याच्या हातात. नात्यानं सोपानचा चुलतभाऊ. रतन एकटी दिसली की तो वाटेत आडवा उभा राहायचा. आधी पाटीला हात लावायचा, मग दंडाला. डोक्यावर ओझं असलेली बाई हात तरी कशी झटकणार!

तिनं नवऱ्याला सांगितलं. सोपान खुरप्याची मूठ ठोकत बसला होता. तो बराच वेळ ठोकतच राहिला.

"दुसऱ्या वाटनं जात जा," शेवटी तो म्हणाला.

दुसरी वाट नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

निमगावात बाजारतळाच्या कडेला अकबर पिंजारी राहायचा. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणं हा त्याचा धंदा. जवानीत तो मोहरमात काठी फिरवायचा आणि पोरांनाही शिकवायचा. बाजार उठल्यावर उरलेला माल रतन त्याच्या बायकोपाशी, सितारापाशी, ठेवायची. एक दिवस तिनं धीर करून विचारलं.

"पोरी, बायामाणसांना म्या कधी शिकवलं न्हाय," अकबरचाचा म्हणाला.

सितारा चुलीपासून बोलली, "मग आता शिकवा. पोरं तर कवाच यायची थांबली."

अंगणाला चारी बाजूंनी कूड होता. तिथं शिकणं सुरू झालं. पण काठी काही हातात येईना. चाचा नुसतं पवित्र्यात उभं करायचा. गुडघे थोडे वाकलेले, एक पाय पुढं, भार दोन्ही पायांवर. मग मागं सरक, पुढं सरक, वळ. पहिल्या दिवशी चाचानं खांद्याला नुसता धक्का दिला आणि रतन पाठीवर आपटली. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या, की जात्यापाशी बसताना ती कण्हली. सासू दगडाबाईनं विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "ठेच लागली."

"चाचा, काठी कवा देणार?"

"पाय तुझं ऐकाया लागलं, की."

पावसाळा सरता सरता पाय ऐकू लागले. मग तेल पाजलेली वेळूची काठी हातात आली. वार कसा अडवायचा, मनगट कसं वळवायचं, श्वास कुठं सोडायचा. चुकलं की बोटं सुजायची. घरी ती हळद लावायची आणि भांडी घासताना हात लपवायची.

हळूहळू फरक पडला. पाटी हलकी वाटू लागली. मान दुखायची ती थांबली. पूर्वी पाटाची वाट आली की ती खाली बघत भराभरा चालायची; आता छाती भरून श्वास घेत चालायची. हे तिचं तिला कळलं नाही, सितारानं दाखवून दिलं. "पयले तू बोलताना पदर चावायचीस. आता न्हाय चावत." रतन लाजली, पण घरी जाताना साऱ्या वाटेनं तेच वाक्य मनात घोळवत राहिली. तिच्या आयुष्यातले तेवढेच चार महिने बरे गेले.

माघात महिपती पुन्हा आडवा आला. या वेळी त्यानं तिचं मनगट धरलं.

"भावजी, सोडा."

"न्हाय सोडलं तर?"

तिनं पाटी खाली टाकली, हिसका देऊन हात सोडवला, एक पाऊल मागं सरकली आणि कुत्र्यांसाठी हातात असलेली काठी फिरवली. एकच वार. महिपतीच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो खाली बसून विव्हळू लागला. रतनचे पाय जागचे हलले नाहीत. तिनं सांडलेली वांगी गोळा केली, बाजारला गेली आणि सगळी विकून आली.

त्यानंतर सोपानच्या रानात पाणी आलं नाही. महिपती कधी सांगायचा पाट फुटलाय, कधी पाण्याची पाळी संपली. शेजारचं रान भिजायचं. वांग्याला फूल लागलं होतं, ते गळालं. मग पानं खाली लोंबली. सोपान बांधावर बसून राहायचा. रतनशी तो बोलेना.

गाव चावडीवर बसलं. कुंडलिकराव सगळ्यांत वडीलधारे. रतननं सगळं सांगितलं. पाटीला लावलेला हात, दंडाला लावलेला हात, अकबरचाचाकडं शिकलेली काठी, काहीच गाळलं नाही.

"त्ये झालं आसंल, बाई," कुंडलिकराव म्हणाले. "पर हाड कुणी मोडलं?"

त्यांनी महिपतीकडं बोट केलं.

"पाय धर त्याचं, आन मिटव. न्हायतर पाण्याचं आमी काय सांगावं?"

रतननं सोपानकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. "धर," तो म्हणाला. "लेकरांनी काय खायाचं?"

तिनं पाय धरले. महिपतीचा हात गळ्यात बांधलेला होता. तो वर बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. वांगी तोवर गेली होती.

अकबरचाचालाही गावानं सोडलं नाही. वरकुट्याची माणसं त्याच्याकडं गादी टाकेनात, मग निमगावचीही टाकेनात. तो आणि सितारा बारामतीला मेव्हण्याकडं निघून गेली. रतन पुढच्या बाजाराला गेली तेव्हा अंगण रिकामं होतं. कूडसुद्धा कुणी तरी सरपणाला उपटून नेला होता.

आता बाजारला सोपानच जातो. रतन रानात आणि घरात. विहिरीवर शेंदताना कधी कधी तिचे पाय आपोआप पवित्र्यात पडतात. ध्यानात आलं, की ती ते जवळ घेते.

महिपती तिच्या वाटेला परत गेला नाही. तो सारजाच्या वाटेला गेला. सारजा खालच्या आळीतली, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एका दुपारी ती रतनच्या दारात आली. पदराचं टोक दातात होतं.

"आक्का, मलाबी शिकवा की."

रतननं तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग विचारलं, "तुमचं रान पाटाखालीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग नगं शिकू."

सारजानं पाणी संपवलं. मग तांब्या पालथा घालून, पाटाच्या वाटेनं घरी गेली.