डुलकीचं खरं माप

मी येळ्ळूर सोडलं त्या सकाळी अख्खा गाव बस स्टॉपवर लोटला होता. दहा हजार माणसं, दोनशे म्हशी, आणि मागं राजहंसगड टाचा उंचावून बघत होता. आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावर त्या साली आमच्या शेतात बासमतीचं एक पीक जादा निघालं, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. खरं सांगायचं तर स्टॉपवर आई होती, लाडवांच्या वासानं आलेलं एक कुत्रं होतं आणि परशा होता. परशा म्हणजे परशराम, बालवाडीपासून माझ्या बाकावरचा. तो निरोप द्यायला आला नव्हता, माझ्याबरोबरच निघाला होता. दोघांनी बेळगावात आयटीआय केलं होतं आणि दोघांना बेंगलोरच्या एकाच कारखान्यातून बोलावणं आलं होतं.

आप्पा स्टॉपवर आले नाहीत. सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिलेला माणूस, आणि त्याचं पोरगं पुणं-मुंबई सोडून थेट बेंगलोरला निघालेलं. ते गोठ्यात पाखऱ्या बैलाचं अंग घासत राहिले. मी पाया पडलो तेव्हा बैलाकडं बघतच म्हणाले, "जातोस तर जा. पर अंगाला जप. बैल आजारी पडला तर डॉक्टर गोठ्यात येतोय. माणसाचं तसं न्हाय."

तुम्ही, जे उचगाव-हिंडलग्याहून, निपाणीहून असेच पिशव्या घेऊन निघालात, आणि तुम्ही, जे मागं राहून आमच्या फोनची वाट बघता, दोघांनाही ठाऊक आहे की गावाला फोन करताना कुणी खरं बोलत नाही. मी तर त्यातला हिंदकेसरी. पीजीच्या एका खोलीत आम्ही चौघं झोपायचो. मी सांगायचो, खोली एवढी मोठी की शेवटच्या खाटेपर्यंत जायला रिक्षा करावी लागते. आमची बेळगावी कन्नड ऐकून शॉप फ्लोअरवरची पोरं पोट धरून हसायची. मी सांगायचो, माझं भाषण ऐकायला लंच टाइममध्ये गर्दी आवरत नाही. आणि प्रत्येक थापेनंतर मागनं परशा ओरडायचा, "व्हय आप्पा, खरं हाय! मी सोता बघितलंय!" साक्षीदार असला की थाप उभी राहते. माझ्या सगळ्या थापा परशाच्या दोन पायांवर उभ्या होत्या.

कारखान्यात परशा लेथवर आणि मी क्वालिटीत. माझं काम मापाचं. मिलिमीटरचे शंभर तुकडे करायचे आणि त्यातला एक जरी इकडंतिकडं झाला तरी पार्ट बाजूला काढायचा. टेबलापाशी तीन खोकी असायची: ओके, रीवर्क आणि स्क्रॅप. रीवर्क म्हणजे थोडं घासून-पुसून कामाला येणारा, स्क्रॅप म्हणजे भट्टीत जाणारा. माझा हात असा बसला होता की सुपरवायझर म्हणायचा, याच्या डोळ्यातच मायक्रोमीटर आहे. हे त्यानं खरंच म्हटलं होतं. एकदा.

आता पुढचं. इथं मी थाप मारणार नाही, शपथ.

तीन वर्षांपूर्वी बेंदराला, म्हणजे आमच्या बैलांच्या सणाला, आम्ही दोघं ओळखीच्या एकाची गाडी घेऊन निघालो. आमच्या भागात बेंदूरसुद्धा दोन, एक कर्नाटकी आणि एक महाराष्ट्राचा. बैल दोन्हीकडं जेवतात, त्यांना सीमाप्रश्न पडत नाही. हुबळीत दुपारी पोटभर जेवलो. धारवाड मागं पडलं आणि परशा म्हणाला, "थांबूया गड्या. च्या मारूया." मी म्हणालो, "आता किती ऱ्हायलंय? एका दमात घर." तो दहा वेळा म्हणाला. हात जोडून म्हणाला. मी ऐकलं नाही. स्टिअरिंग माझ्या हातात, आणि गाडी सव्वाशेच्या खाली नव्हती. कित्तूरच्या अलीकडं माझा डोळा लागला. उघडला तेव्हा गाडी रस्त्याकडेच्या शेतात होती, आणि परशाच्या तोंडून जो आवाज निघत होता तो मी तोवर कुठल्या माणसाचा ऐकला नव्हता.

उजवा गुडघा. दोन ऑपरेशनं झाली. लेथवर आठ तास उभं राहायचं संपलं आणि परशा येळ्ळूरला परत गेला. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानंतर मी गावाला गेलो नाही. एक बेंदूर नाही, एक दिवाळी नाही. आईला सांगायचो, मी सुट्टी घेतली की कंपनीचं शटर आपोआप खाली येतंय. खरं तर सगळ्यांच्या सुट्ट्यांच्या दिवशी मी कामावर असायचो. च्यातली साखर सोडली. गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, फरशीवर झोपायला लागलो. जेवण एका वेळेचं. गाडीच्या चावीला हात लावला नाही. परशाचा फोन यायचा, स्क्रीनवर त्याचं नाव चमकायचं, आणि मी फोन उशीखाली दाबायचो. उशीही सोडल्यावर बादलीखाली. बादलीखाली वाजणारा फोन किती मोठा वाजतो, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. तीन खोक्यांपैकी कुठल्या खोक्यात मी स्वतःला टाकलं होतं, ते सांगायला नको.

मध्यंतरी कंपनीनं एक मॅडम बोलावल्या. मनाचं आरोग्य वगैरे. त्या म्हणाल्या, स्वतःशी प्रेमानं बोला. मी मनात म्हटलं, बाई, आमच्या गावात माणूस स्वतःशी प्रेमानं बोलायला लागला तर त्याला धरून अंगारा लावतात. मग त्यांनी कागद वाटले. एका बाजूला लिहायचं, चूक झाल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणता. दुसऱ्या बाजूला, तीच चूक जिवलग मित्राच्या हातून झाली तर त्याला काय म्हणाल. माझी पहिली बाजू भरून मार्जिनपर्यंत गेली. दुसरी कोरीच राहिली. मॅडम बाकांमधून फिरत माझ्याकडं यायला लागल्या, तसा मी कागद चुरगाळला आणि गिळला. वर पाणी प्यायलो. ही थाप नाही.

यंदा फोन आप्पांनी केला. आप्पा जन्मात कधी फोन करत नाहीत; आई लावते आणि ते मागनं खोकतात, तेवढंच. या वेळी म्हणाले, "पाखऱ्या लंगडतोय. परवा खांदमळणी हाय. ये." आणि ठेवला.

खांदमळणी बेंदराच्या आदल्या सांजेला असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडून त्याचा दगड होतो. त्या सांजेला घरधनी लोण्यात हळद कालवून तो खांदा मळतो, आणि मग बैलाच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतो. घरच्याच बैलाला पाहुण्यासारखं आवतण.

सकाळची बस पकडली. कित्तूर जवळ आलं तसे डोळे मिटून घेतले. मग आठवलं की सगळं डोळे मिटूनच झालं होतं, म्हणून ताडकन उघडले. शेजारच्या काकांना वाटलं, मला उलटी होणार, त्यांनी पिशवी पुढं केली. बेळगावला उतरलो आणि येळ्ळूरच्या तीन सिटी बस डोळ्यांदेखत जाऊ दिल्या. पाय परत बेंगलोरच्या फलाटाकडं वळत होते. चौथ्या बसचा कंडक्टर खेकसला, "हत्री, हत्री!" कन्नडमध्ये हत्री म्हणजे चढा. त्यानं दरडावलं म्हणून चढलो, नाहीतर आज हे लिहायला मी नव्हतो.

गोठ्यात आप्पा पाखऱ्यापाशी बसले होते. पलीकडं त्याचा जोडीदार माणक्या बांधलेला. आणि मधे पालथ्या बादलीवर, एक पाय सरळ लांब सोडून, हातात हळदीची वाटी घेऊन परशा.

"आला काय सायेब?" तो म्हणाला. "तीन वर्सं रेंज न्हवती वाटतं?"

मी चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या.

"हातपाय धू," आप्पा वर न बघता म्हणाले. "माणक्याचा खांदा तू घे."

पाखऱ्याच्या पुढच्या पायाला फडकं बांधलं होतं. बोलायला काही तरी हवं म्हणून विचारलं, "काय झालं ह्याला?"

"मी केलं," आप्पा म्हणाले. "चिखल हुता. शेजारी म्हणालता, आज जुपू नगो. म्या जुपला. पाय दगडात गेला."

इतकं सरळ. जसं वैरण संपली म्हणून सांगावं.

"मग तुमाला वाईट न्हाय वाटत?"

"न वाटून? चार दिस घास उतरला न्हाय. पाचव्या दिवशी तुझी आई म्हणाली, तुमी बी पडलासा तर ह्याला वैरण कोण घालणार? मग जेवलो." त्यांची बोटं पाखऱ्याच्या खांद्यात रुतत होती. मग माणक्याकडं हनुवटी करून म्हणाले, "ह्याला बी चांगलं मळ. जोडीदार लंगडला म्हणून ह्याला उपाशी बांधायचं व्हय रं?"

म्हणाले बैलाबद्दल. बघत होते माझ्याकडं.

माझा बांध तिथं फुटला. तीन वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "परशा, मी सव्वाशेनं हाणत हुतो. तू धा वेळा थांब म्हणालास, हात जोडलास..."

परशा हसायला लागला. एवढा हसला की पाखऱ्यानं कान हलवले. "सव्वाशे? त्या डबड्याला गडावरनं ढकललं असतं तरी सत्तरच्या वर गेलं नसतं! आणि हात मी देवाला जोडत न्हाय, तुला कशाला जोडू? एकदा म्हणालो थांबूया. तू न्हाय म्हणालास, मी म्हणालो मग झोपतो. बेल्ट काढला, पाय वर डॅशबोर्डावर ठेवलं. डॉक्टर काय म्हणाले ठावं हाय? पाय खाली असता तर खरचटण्यावर भागलं असतं."

पाय वर ठेवले होते. मी बघितलं होतं. तीन वर्षं रोज तीच दुपार उगाळताना तेवढंच कुठं गळून गेलं होतं, आणि बाकीचं महिन्या-महिन्यानं फुगत गेलं होतं. मघाशी मी शपथ घेतली ना, थाप मारणार नाही म्हणून? मला तेव्हा ती थाप वाटतच नव्हती. गावाला मारलेल्या सगळ्या थापा एका पारड्यात टाकल्या तरी स्वतःला मारलेली ही एक जड भरेल.

परशाचं हसू थांबलं. "हे बघ नाग्या, तुझ्या समद्या थापा मी खऱ्या हाईत म्हणून सांगितल्या. ही न्हाय सांगणार. डुलकी तुझी, ती तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. पाय वर ठेवला ती चूक माझी, ती मला परत दे. आणि फोन उचलला न्हाईस, त्याचा राग येगळा. तो सणानंतर काढतो."

मी माणक्याचा खांदा मळायला लागलो. आधी दगडासारखा लागला. मग लोणी जिरलं आणि खालची कातडी हलायला लागली. आप्पांनी दोन्ही बैलांच्या कानाशी वाकून आवतण दिलं, उद्या जेवायला या, चुकलंमाकलं पोटात घाला. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. शर्टावर पिवळा पंजा उमटला. आधारासाठीच होता तो. विचारलंत तर तेही तसंच सांगतील.

दुसऱ्या दिवशी मी अठ्ठावीस पोळ्या खाल्ल्या. बरं, पाच.

आता बेंगलोरच्या खोलीत गादी पसरलेली आहे. कामावरून आलो की हळद नाही, पण खोबरेल तेल घेऊन स्वतःचाच खांदा मळतो. मेसचा डबा उघडण्याआधी, कुणी ऐकत नाही ना बघून, पुटपुटतो, या जेवायला. पाहुण्याला म्हणावं तसं. चूक पुसली गेलेली नाही. ती रीवर्कच्या खोक्यात आहे, आणि तिचं माप आता मला ठाऊक आहे. घर म्हणाल तर पूर्वी मला ते आईच्या हातचं जेवण वाटायचं, मग तीन वर्षं ते कोर्ट वाटलं. आता वाटतं, माझी कुठलीही गोष्ट जिथं जेवढी आहे तेवढीच धरतात, ना फुगवून ना दाबून, ते ठिकाण.

गावाहून निघायच्या दिवशी परशानं स्कूटरची चावी माझ्या हातात ठेवली. "तू चालव. माझा पाय वाकत न्हाय." मी म्हणालो, येत नाही, विसरलो. तो मागं बसून राहिला, एक पाय बाहेर काढून. शेवटी मी किक मारली. बेळगावच्या वाटेवर, वडगावच्या अलीकडं, हँडल धरवेना. मी गाडी बाजूला घेतली.

"आता किती ऱ्हायलंय?" मागनं परशा म्हणाला. मुद्दाम.

"थांबूया गड्या," मी म्हणालो. "च्या मारूया."

टपरीवाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, साखर किती घालू?

"सगळ्यांना घालतोस तेवढी," मी म्हणालो.