शनिवारची आंटी

सिंगापुरात सेरंगून एमआरटी स्टेशनबाहेर दर शनिवारी एक चिनी आंटी मेरीमातेची छोटी पदकं घेऊन उभी असायची. उपदेश करायची नाही, फक्त विचारायची, "कोणासाठी प्रार्थना करू?" धर्म वाटणाऱ्यांपासून मी चार हात लांबच असतो. पण पुण्यात आईचं ऑपरेशन ठरलं आणि थांबलो. आंटीने आईचं नाव विचारलं, दोनदा पुटपुटून पाहिलं, एक पदक दिलं. बायकोने ते देव्हाऱ्यात ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या शनिवारी हे मी आंटीला जरा भीतभीतच सांगितलं. ती सिंगापुरी ढंगात म्हणाली, "ओके लाह. सुमन कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो. बाबा गेल्यानंतर आईला कोणी सुमन म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.